आधी ज्येष्ठांनी विचारावे

टोकियोतील आपल्यापैकी अनेक कुटुंबांचा चरितार्थ संगणक क्षेत्रावर चालतो. त्यामुळे निशी-कासाईतील स्नेहमेळाव्यांतही ‘वॉटरफॉल’ बरी की ‘अ‍ॅजाइल’, हा वाद रंगतो. आमच्या मते हा प्रश्न केवळ कार्यपद्धतीचा नसून कामाच्या ठिकाणी कोणाला बोलता येते, याचाही आहे.

पहिल्या पद्धतीत मागणीपत्र, आराखडा, बांधणी आणि चाचणी हे टप्पे क्रमाने येतात. चूक बहुधा शेवटी उघडकीस येते. विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या ज्या लेखाकडे या पद्धतीचे मूळ म्हणून बोट दाखवले जाते, त्यातच त्यांनी हा धोका सांगितला होता. दुसऱ्या पद्धतीत थोडे काम करून दाखवायचे, चुका सुधारायच्या आणि पुढे जायचे. तिचा जाहीरनामा २००१ मध्ये अमेरिकेत सतरा जणांनी केला. परंतु तिच्यातील ‘स्क्रम’ ही कल्पना ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांच्या १९८६ च्या लेखातून आली. होंडा, कॅनन यांसारख्या कंपन्यांत सारा गट रग्बीच्या संघाप्रमाणे एकत्र पुढे सरकतो, असे त्यांनी दाखवले होते.

प्रत्यक्षात मात्र जपानमधील अनेक प्रकल्पांत मुख्य कंपनी, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी अशी कंत्राटांची उतरंड असते. आपले अनेक बांधव तळाच्या पायरीवर असतात. सकाळच्या उभ्या बैठकीत ‘काही अडचण?’ असे विचारले जाते आणि तळातला माणूस ‘नाही’ म्हणतो. तोंडी सांगितलेला बदल त्याच्या रात्रीच्या जादा कामात जिरतो. दाखवायला कागद नसतो. उतरंड म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. मोकळेपणाच्या नावाखाली नियम गेले, की नुकसान दुर्बलाचेच होते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्मरण करून दिले होते, की भिक्खुसंघात ठराव, गणपूर्ती आणि मतदान यांचे नियम होते. त्याच संघात वर्षावासाच्या अखेरीस पवारणा होते: माझ्यात काही दोष दिसला, ऐकला वा शंकिला असेल तर सांगा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो, आणि आरंभ ज्येष्ठ भिक्खूपासून होतो. नियमाची चौकट आणि आत्मपरीक्षणाची मोकळीक तेथे एकत्र नांदली.

आज आपल्यातील काही जण गटप्रमुख झाले आहेत. त्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. तोंडी ठरलेला प्रत्येक बदल त्याच दिवशी लेखी नोंदवावा. आणि आढावा बैठकीत ‘माझे काय चुकले?’ हा प्रश्न सर्वांत आधी स्वतः विचारावा. मग तळातल्या माणसाचे ‘नाही’ हे उत्तर हळूहळू बदलेल. पद्धतीचे नाव कोणते, हा प्रश्न त्यानंतरचा.