घरचा डॉक्टर कोणाचा?

हैदराबादेतील मराठी वस्ती जुनी आहे. जामबाग, काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत मराठी डॉक्टर आणि मराठी कुटुंब यांचे नाते बहुधा दोन-तीन पिढ्यांचे असते. आजोबांचा दमा, वडिलांचा रक्तदाब आणि नातवाची लस एकाच दवाखान्यात पाहिली जाते. या नात्याचा आपणा सर्वांना अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. परंतु त्याच घरात नांदेड, लातूर किंवा सोलापूरहून सून म्हणून आलेल्या मुलीचे काय? तिला तेलुगू येत नाही, माहेर दूर असते आणि तिची भाषा समजणारा डॉक्टर नेमका तिच्या सासऱ्यांचा स्नेही असतो. तिच्या दंडावरील वळांचे कारण ‘न्हाणीघरात पाय घसरला’ असे केसपेपरवर लिहिले जाते, तेव्हा तो घरचा डॉक्टर नक्की कोणाचा असतो, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवू इच्छितो.

सुशिक्षित घरांत असे घडत नाही, हा समज सुखद असला तरी खरा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी पतीकडून हिंसा सोसलेल्यांचे प्रमाण देशात २९.३ टक्के, महाराष्ट्रात २५.२ टक्के, तर आपल्या तेलंगणात ३६.९ टक्के आढळले. याच सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या दर १०० स्त्रियांपैकी ७७ जणींनी कोणाची मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. मदत मागणारी स्त्री डॉक्टरकडे तर क्वचितच वळते. आपल्यासमोर बसूनही ती आपल्याला सांगत नाही, हे आपल्या व्यवसायाला विचार करायला लावणारे आहे.

हा विषय महिला मंडळांचा, असे म्हणून आपण पुरुष मंडळी सहसा बाजूला राहतो. आपला इतिहास मात्र वेगळा आहे. रखमाबाईंचा विवाह बालपणी झाला. पतीने १८८४ साली त्यांच्यावर नांदावयास येण्यासाठी दावा लावला. १८८७ साली न्यायालयाने पतीकडे जा, अन्यथा सहा महिने कारावास भोगा, असा आदेश दिला, तेव्हा त्यांनी कारावासाची तयारी दाखवली. त्यांच्या पाठीशी सुरुवातीपासून उभे राहिलेले सावत्र वडील, डॉ. सखाराम अर्जुन, हे मुंबईतील नामवंत डॉक्टर व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १८८५ साली त्यांचे निधन झाले, तरी रखमाबाई डगमगल्या नाहीत. पुढे त्या लंडनला शिकून स्वतः डॉक्टर झाल्या आणि सुरतेत त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. नकार रखमाबाईंचा होता. तो टिकण्यासाठी लागणारे घर आणि आधार एका पुरुष डॉक्टराने दिला. सहकारी पुरुषाचे काम मला यात स्पष्ट दिसते.

जवळच्या काळातील उदाहरण मुंबईचेच आहे. १९९१ साली पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी पत्नीला होणाऱ्या मारहाणीविरुद्ध उभे राहू इच्छिणाऱ्या पुरुषांना जाहिरातीद्वारे आवाहन केले. दोनशेहून अधिक पुरुषांनी प्रतिसाद दिला. त्यातूनच १९९३ साली ‘मावा’ ही संस्था उभी राहिली. हरीश सदानी व त्यांचे सहकारी तिच्यामार्फत आजवर तरुण मुलांशी संवाद साधत आले आहेत.

आता आपल्या दवाखान्याकडे वळू. अशी तक्रार कानावर आली की चांगल्या मनाचा डॉक्टर पुष्कळदा नवऱ्याला बोलावून चार शब्द सुनावतो. हेतू शुद्ध असतो, परिणाम मात्र घातक ठरू शकतो. बायकोने बाहेर वाच्यता केली हे नवऱ्याला कळते, घरी त्याची शिक्षा तिलाच होते आणि ती पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. म्हणून तिच्या संमतीवाचून तिचा शब्द तिच्या घरच्यांपर्यंत जाता कामा नये. तपासणीच्या निमित्ताने तिच्याशी एकांतात बोलावे आणि दुभाषी म्हणून नातेवाइकास बसवू नये. जुन्या-नव्या जखमा एकत्र दिसणे, इजा आणि उपचार यांत दिवसांचे अंतर असणे, गरोदरपणी पोटावर मार लागणे यांकडे दुर्लक्ष करू नये. गळा दाबला गेला असल्यास बाहेर खूण नसतानाही धोका असतो; आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत रक्त उतरणे यांची चौकशी करावी. नोंद तिच्याच शब्दांत, जखमेची जागा व आकार देऊन करावी. १८१ हा महिला मदत क्रमांक आणि हैदराबाद पोलिसांनी २०१६ साली सुरू केलेले ‘भरोसा’ केंद्र यांची माहिती द्यावी. पुढचे पाऊल कोणते, हे तिने ठरवावे.

घरगुती भांडणात डॉक्टरने पडू नये, असे काही ज्येष्ठ म्हणतात. समेट घडवणे हे आपले काम नव्हे, येथवर मी त्यांच्याशी सहमत आहे. परंतु कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या (२००५) सातव्या कलमानुसार पीडित स्त्रीने मागणी केल्यास वैद्यकीय मदत देणे बंधनकारक आहे. उपचार आणि प्रामाणिक नोंद यांना ढवळाढवळ म्हणता येणार नाही.

मग पुरुषांशी बोलायचे कोठे? कोणा एका स्त्रीचे नाव न घेता, जेथे पुरुष एकत्र येतात तेथे. गणेशोत्सवाच्या मंडपात, लग्नघरच्या पंगतीत बायकोला ‘धाकात ठेवण्या’वरचा विनोद झाला की हसण्यात सामील न होता तो मोडून काढावा. बाळंतपणापूर्वीच्या तपासणीला पत्नीबरोबर येणाऱ्या तरुणाशी बाप होण्याविषयी बोलताना रागाविषयीही बोलावे. दारू हा आजार आहे, त्यावर उपचार करावेत; पण मारहाणीचे समर्थन म्हणून ती मान्य करू नये. डॉक्टरचा शब्द आपल्या समाजात अजून वजन राखून आहे, आणि पुरुष पुरुषाचे ऐकतो.

आपल्या संस्थेने दोन गोष्टी कराव्यात, अशी नम्र सूचना आहे. मदतीचे क्रमांक मराठी व तेलुगूत छापून प्रत्येक दवाखान्यातील स्त्रियांच्या स्वच्छतागृहात लावावेत. तेथे तिच्याबरोबर कोणी नसते. तसेच जामबागेतील विवेकवर्धिनीसारख्या आपल्या शिक्षणसंस्थांतील मुलांशी दरवर्षी एक दिवस आपल्यापैकी पुरुष डॉक्टरांनी मोकळेपणे बोलावे.

घरचा डॉक्टर हा घरातील प्रत्येकाचा असतो. म्हणून त्या घरात सर्वांत कमी बोलणारी जी व्यक्ती, तिला तो आपला वाटला पाहिजे.