आधी रान, मग मार्कर

१८६६ साली मेंडेलने अनुवंशाचे नियम मांडले ते वाटाण्यावरून. या शास्त्राचा पाया कडधान्याने घातला. फळं चाखायची वेळ आली तेव्हा मात्र मका आणि भात पुढे गेले, हरभरा मागे राहिला. पैसा कमी होता हे खरंच, पण खरी अडचण पिकाच्या इतिहासातच होती.

हरभरा माणसाळला आग्नेय तुर्कस्तानात, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी. मोजकी झाडं रानातून शेतात आली आणि बाकीची विविधता रानातच राहिली. त्यामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस संशोधकांनी दोन लागवडीच्या वाणांचे डीएनए शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा फरक फारसा दिसेना. फरकच नसेल तर मार्कर, म्हणजे डीएनएमधली ओळखीची खूण, कशाची करणार? वाट रानाने दाखवली. इस्रायलच्या गिडियन लाडिझिन्स्कींनी १९७५ साली 'सायसर रेटिक्युलेटम' या रानटी हरभऱ्याचं वर्णन केलं होतं. त्याच्याशी केलेल्या संकरावरच २००० सालचा भरगच्च जनुक-नकाशा उभा राहिला.

मग वेग आला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुरीचा 'विजय' वाण घेऊन मर रोगाच्या प्रतिकाराचा माग काढला गेला. कर्नाटकातल्या 'अण्णीगेरी' वाणात डब्ल्यूआर-३१५ या वाणाचा मर-प्रतिकार उतरवून २०१९ साली 'सुपर अण्णीगेरी-१' आला. मार्करची रीत अशी: रोपाच्या पानातला डीएनए तपासायचा, हवा तो तुकडा असेल तेवढीच रोपं पुढच्या संकराला ठेवायची. रोग पडेपर्यंत थांबायला नको. २०१३ मध्ये हरभऱ्याचा जनुकसंच वाचला गेला, २०२१ पर्यंत ३,३६६ नमुन्यांचा.

वाचायची ऐपत अशी वाढत असताना वाचण्याजोगं किती जमवलं? २००३ सालच्या मोजदादीत जगभरच्या बीजपेढ्यांत रेटिक्युलेटमचे स्वतंत्रपणे गोळा केलेले नमुने निघाले अवघे १८. माझ्या मते हा हिशेब लाजिरवाणा आहे. डीएनए वाचणाऱ्या यंत्रासाठी निधी मिळतो. डोंगर पालथे घालणाऱ्याच्या प्रवासखर्चाचं बिल मात्र महिनोन्‌महिने अडतं.

हरभऱ्याचं रान तुर्कस्तानात, पण तुरीचं तर माहेरच भारत. तिची 'सेरिसियस', 'लिनिएटस' ही रानटी भावंडं सह्याद्रीत आजही उगवतात; संकरित तुरीसाठी लागणाऱ्या नरवंध्यत्वाचा एक स्रोत 'सेरिसियस'मधूनच मिळाला. राज्यातल्या कृषी विद्यापीठांनी नव्या सिक्वेन्सरची मागणी करण्याआधी घाटमाथ्यावरच्या या वेलीझुडपांची तालुकावार पाहणी करावी, बियाणं जमवावं, आणि सरकारने त्यासाठी दरसालची वेगळी तरतूद ठेवावी.