बेट पाहावे, पण कसे?

सुट्टी लागली की प्रवासाचे बेत सुरू होतात. प्रवासाला पैसा आणि वेळ लागतो, तशीच आणखी एक गोष्ट लागते. ती म्हणजे पाहण्याची रीत. ती नसेल तर माणूस हजारो मैल जाऊनही काही न पाहता परत येतो.

ग्रीस देशातील नॅक्सोस बेटाचे उदाहरण घेऊ. एजियन समुद्रातील सिक्लाडीझ बेटांमध्ये हे सर्वांत मोठे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर आहे. आसपासची अनेक बेटे रुक्ष आहेत, पण येथे शेती पिकते. येथील बटाटे आणि चीज प्रसिद्ध आहेत. मध्यभागी झास पर्वत आहे. त्याची उंची १,००० मीटरहून थोडी अधिक आहे.

बंदरावर उतरलेले अनेक पर्यटक क्वाड बाइक भाड्याने घेतात. चार जाड चाके, मोटरसायकलसारखे हँडल आणि वर छप्पर नाही, अशी ही गाडी. तिची सोय मला नाकारायची नाही. गावे दूर आहेत, रस्ते चढणीचे आहेत आणि बस ठरलेल्या वेळीच येते. मग अडचण कोठे आहे?

अडचण गाडीच्या रचनेत आहे. ती मुळात खडबडीत, मऊ जमिनीसाठी बनवलेली आहे. शेतकरी तिचा शेतावर उपयोग करतात. तिची चाके मोठी आणि टायरमध्ये हवा कमी असते. अनेक गाड्यांची मागची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात. त्यामुळे डांबरी रस्त्यावर वळताना ती अडखळते आणि वेगात असेल तर उलटतेही. घाटातल्या वळणांवर नवशिक्याने ती दामटणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

मग ती वाळूवर न्यावी काय? तेही योग्य नाही. नॅक्सोसच्या अलिको भागात वाळूच्या टेकड्यांवर जुनिपरची झाडे वाढतात. मुळांनी वाळू धरून ठेवलेली असते. चाकांनी रोपे चिरडली की वाळू वाऱ्याबरोबर उडू लागते. हा प्रश्न आपल्याही जवळचा आहे. कोकणातील काही किनाऱ्यांवर अशा गाड्या पर्यटकांसाठी फिरतात. त्याच कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे, ऑलिव्ह रिडले जातीची कासवे वाळूत अंडी घालतात. वाळू रिकामी दिसते, पण ती रिकामी नसते.

आणखी एक नुकसान प्रवाशाचे स्वतःचे होते. अपोलोनास गावाजवळील जुन्या खाणीत संगमरवराचा एक अपुरा पुतळा आडवा पडलेला आहे. त्याची लांबी १० मीटरहून अधिक आहे. घाईने जाणाऱ्याला तो नुसता मोठा दगड वाटेल. थांबून पाहणाऱ्याला हळूहळू दाढी, खांदे आणि पाय दिसू लागतात. डोंगरउतारावर चुना-माती न वापरता रचलेल्या दगडी भिंती आहेत. त्यांनी शेताची माती अडवून धरली आहे. भिंती रचण्याच्या या कलेला २०१८ मध्ये युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. इंजिनच्या आवाजात आणि धुळीत हे सारे मागे पडते.

कोणी म्हणेल, "पर्यटकांवरच तेथील लोकांची रोजी चालते. गाड्या बंद केल्या तर ते खाणार काय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून गाड्या बंद कराव्यात, असे मी म्हणत नाही. परवाना असावा, डोक्यावर हेल्मेट असावे, गाडी रस्त्यावरच आणि सावकाश चालवावी, एवढेच माझे म्हणणे आहे. गावाच्या वेशीवर मात्र खाली उतरावे. अपिरान्थोस गावाच्या संगमरवरी गल्ल्या पायी चालण्यासाठीच आहेत. पायी चालणारा दुकानापाशी थांबतो, ब्रेड घेतो, दोन शब्द बोलतो. गावालाही चार पैसे त्याच्याकडूनच मिळतात.

विद्यार्थी मित्रांनो, उर्दूत आपण ज्याला मेहमान म्हणतो, त्याला मराठीत पाहुणा म्हणतात. भाषा कोणतीही असो, पाहुण्याने यजमानाचे अंगण तुडवू नये, ही रीत सगळीकडे एकच आहे. तुम्ही उद्या एखाद्या बेटावर किंवा जवळच्याच खेड्यात जाल. तेव्हा किती किलोमीटर फिरलो, हे मोजण्याआधी आपण काय पाहिले, हे स्वतःला विचारा.