गिरणगावाची बदनामी कोणाच्या पथ्यावर?

लालबाग, परळ, काळाचौकी, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा ही नावे मुंबईबाहेरच्या माणसाच्या कानी पडली, की त्याला गिरणीचा भोंगा आठवत नाही. टोळ्या, खंडणी आणि पोलिसांच्या चकमकी आठवतात. ही आठवण आपोआप तयार झालेली नाही. वृत्तपत्रांच्या गुन्हेवार्तांनी ती वर्षानुवर्षे जोपासली आणि चित्रपटांनी तिच्यावर रंग चढविला. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकाच्या केंद्रस्थानी संपानंतर मोडत चाललेले एक कुटुंब होते. २०१० साली त्यावर बेतलेला चित्रपट आला तोवर त्या कुटुंबाच्या कहाणीत पिस्तुलाने पुष्कळच जागा व्यापली होती. पुढे २०१५ मध्ये 'दगडी चाळ' आणि २०१७ मध्ये 'डॅडी' हे चित्रपट निघाले. टोळीप्रमुखावर चित्रपट निघतो, जमिनीच्या फायलीवर निघत नाही, हे समजण्यासारखे आहे. फाईल गोळी झाडत नाही.

या बदनामीचे ओझे वाहतात ती मात्र गिरणगावात राहणारी साधी माणसे. चाळीचा पत्ता सांगितला की नोकरीच्या मुलाखतीत समोरच्याच्या कपाळावर आठी उमटते, सोयरिकीच्या बोलण्यात दोन प्रश्न जास्त विचारले जातात. वास्तविक संप फसल्यानंतर गिरणगावातल्या तरुणांपैकी बहुसंख्यांनी जे केले ते कोणत्याही गुन्हेवार्तेत आले नाही. त्यांनी भाजीची हातगाडी लावली, कुरियरची पाकिटे वाटली, टॅक्सी चालविली. कित्येक जण पोलीस खात्यात शिपाई म्हणून भरती झाले. त्यांच्या आयांनी खानावळीचे डबे केले, परक्या घरची धुणीभांडी केली, घरातली तांब्यापितळेची भांडी मोडून शाळेची फी भरली. या हजारो घरांच्या तुलनेत ज्या मूठभर पोरांनी हत्यार धरले, त्यांचेच नाव साऱ्या वस्तीला चिकटले.

गिरणगावाची बदनामी पहिल्यांदाच झाली असे नव्हे. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीचा पाया घातल्यानंतर पुढच्या अर्धशतकात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी ही वस्ती उभी केली. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या या माणसांनी १९२८ साली सहा महिने गिरण्या बंद ठेवल्या, तेव्हा इंग्रज सरकारच्या लेखी गिरणगाव हा उपद्रवी भाग ठरला. ऑगस्ट १९५० मध्ये समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनसच्या प्रश्नावर संप पुकारला. तो दोन महिने चालला आणि स्वतंत्र भारताच्या सरकारनेही या वस्तीकडे त्याच नजरेने पाहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही गिरणगाव आघाडीवर होते. ही पहिली बदनामी कामगारांनी दागिन्यासारखी मिरविली, कारण ती त्यांच्या संघटनेची बदनामी होती.

दुसरी बदनामी आली ती संघटना मोडल्यानंतर. तिची सुरुवात गिरण्या बंद पडण्याच्याही आधीची आहे, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे. ५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचा पहिला आमदार विधानसभेत गेला. गिरणगावात हत्यार प्रथम शिरले ते बेकारीच्या वाटेने नव्हे, राजकारणाच्या वाटेने. आणि ते लाल बावट्याच्या विरोधात शिरले तेव्हा सत्ताधाऱ्यांना त्याची फारशी चिंता वाटली नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मागणी पगारवाढीची होती, तशीच ती आपला प्रतिनिधी आपण निवडण्याच्या हक्काचीही होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला वाटाघाटीचा अधिकार दिला होता आणि तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. ज्या संघटनेवर कामगारांचा विश्वास उरला नव्हता तिच्याशीच सरकार बोलणार आणि ज्याच्यावर विश्वास होता त्याच्याशी बोलणार नाही, अशी ही कायदेशीर कोंडी होती. १९५० चा संपही याच कायद्याच्या भिंतीवर आदळला होता. तो संप निदान मागे घेण्यात आला. १९८२ चा संप औपचारिकरीत्या कधी मागेच घेतला गेला नाही, तो विरत गेला. हजारो कामगार गावी परतले. जे राहिले त्यांच्यापैकी अनेकांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही, आणि गिरण्या चालविण्यापेक्षा त्यांची जमीन अधिक मोलाची आहे हे मालकांच्या ध्यानात यावयास फार काळ लागला नाही.

गिरणगावातली टोळीबाजी या जमिनीपासून वेगळी काढून पाहता येत नाही. खंडणी द्यावयाची तर देणाऱ्याकडे पैसा हवा. बेकार कामगाराकडून कोणी खंडणी मागत नाही. कामगारांकडून स्वेच्छानिवृत्तीच्या कागदांवर सह्या घेण्यासाठी, आवार रिकामे करण्यासाठी, युनियन ताब्यात घेण्यासाठी धाकदपटशा वापरला गेला, अशी साक्ष गिरणी कामगारांनी वारंवार दिली आहे. मे १९९४ मध्ये खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांचा भररस्त्यात खून झाला आणि १६ जानेवारी १९९७ रोजी खुद्द दत्ता सामंतांना गोळ्या घालण्यात आल्या. एका बाजूला मालक पडला, दुसऱ्या बाजूला कामगारांचा पुढारी पडला आणि जमीन मात्र सुखरूप विक्रीस निघाली.

ती कशी निघाली हे कायद्याच्या भाषेत पाहण्यासारखे आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीची जमीन विकसित करावयाची झाल्यास ढोबळमानाने तिचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश स्वस्त घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी ठरविली होती. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी केवळ गिरणीच्या आवारात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर इमारती उभ्या होत्या ती वाटणीबाहेर गेली. गिरणी म्हणजे मुख्यतः इमारतीच असतात, हे दुरुस्ती करणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. सुमारे सहाशे एकर जमिनीच्या या व्यवहारात शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याचा मोठा हिस्सा एका शब्दाच्या अर्थाने गेला. या अपहाराला कोणी गुन्हेगारी म्हणत नाही आणि त्यासाठी कोणा वस्तीचे नाव खराब होत नाही.

बदनामीचा उपयोग नेमका येथे झाला. एखादा भाग गुंडांचा, मोडकळीचा, भूतकाळात अडकलेला आहे असे पुरेशा वेळा सांगितले, की तेथे जे काही उभे राहील त्याला विकास म्हणता येते. मॉल, मद्यालये आणि काचेची कार्यालये आली ती सुधारणेच्या थाटात. परंतु लाखो नोकरदार ज्या भागात ओतले गेले तेथील रेल्वेचे पूल जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जणांचा बळी गेला. त्या काळातील टोळीयुद्धावर अजून चित्रपट निघतात. या ३७ मृत्यूंमुळे मात्र बांधकाम व्यावसायिकांच्या प्रतिष्ठेला ओरखडाही उमटला नाही.

दोष केवळ इतरांच्या पदरी घालून समाजवादी कार्यकर्त्यांना मोकळे होता येणार नाही. संप विरत गेला त्या वर्षांत चाळीच्या जिन्यावर कोण बसले होते, हा प्रश्न अप्रिय असला तरी विचारला पाहिजे. सेवादलाच्या शाखा, अभ्यासवर्ग, वाचनालये ओस पडली. नेते विधानसभेच्या आणि लोकसभेच्या जागावाटपात गुंतले, पक्ष फुटले, पुन्हा जुळले, पुन्हा फुटले. तेवढ्या वेळात शाळेच्या प्रवेशासाठी, इस्पितळातील खाटेसाठी, भाडेकरूच्या तंट्यासाठी चाळकरी ज्याच्याकडे गेला तो 'भाई' होता. तो न्याय देत होता असे नाही, पण दार उघडत होता. २००४ साली चिंचपोकळीतून एक टोळीप्रमुख आमदार म्हणून निवडून आला, तेव्हा मतदारांच्या नैतिकतेवर खूप लिहिले गेले. बंद असलेल्या पक्ष कार्यालयांवर कोणी लिहिले नाही.

आज प्रश्न घराचा आहे. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर गिरणीत नोकरीस असलेल्या कामगाराला किंवा त्याच्या वारसाला घर मिळावे, असे धोरण आहे. अर्ज दीड लाखांहून अधिक. २०१२ च्या पहिल्या सोडतीत घरे निघाली ६,९२५. त्यानंतरच्या सोडती मिळूनही अर्जदारांतील फार थोड्यांनाच छप्पर मिळाले. उरलेल्यांपुढे बदलापूरच्याही पलीकडच्या शेलू आणि वांगणी येथील घरांचा प्रस्ताव ठेवण्यात आला आणि जुलै २०२५ मध्ये गिरणी कामगार त्याविरुद्ध आझाद मैदानात उतरले. मुंबईत जागा नाही, हे त्यांना सांगितले जाणारे कारण त्यांच्याच गिरण्यांच्या जागेवर उभ्या असलेल्या मनोऱ्यांकडे पाहत ऐकावे लागते. याच मुंबईत वरळीच्या बी. डी. डी. चाळीतील रहिवाशांना १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी त्याच जागी ५०० चौरस फुटांची घरे मिळू लागली आहेत; पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. जमीन सरकारी राहिली, माणसे जागेवर राहिली, म्हणून ते घडले.

या लढ्यात मोर्चाइतकेच महत्त्व कागदाला आहे. पात्रता ठरते ती गिरणीचे ओळखपत्र, तिकीट क्रमांक, भविष्य निर्वाह निधीचा वा राज्य विमा योजनेचा क्रमांक, हजेरीपत्रक, पगाराची पावती यांवर. ज्या गिरण्या पाडल्या गेल्या त्यांच्याकडून दाखला आणावयाचा कोठून? मूळ कामगारांपैकी कित्येक वारले आहेत. विधवा रत्नागिरीच्या किंवा साताऱ्याच्या गावी आहे, एक मुलगा दिव्याला आणि दुसरा नालासोपाऱ्याला राहतो, वारसदाखल्यावर एकमत होत नाही आणि मधला दलाल अर्जामागे पैसे मागतो. हे काम रोज संध्याकाळी दोन तास एखाद्या चाळीच्या व्हरांड्यात टेबल टाकून करता येते. त्यासाठी एक कार्यकर्ता, अर्जाचे नमुने आणि नियमितपणा पुरतो. लालबाग-परळच्या पक्षशाखांनी ते पावसाळ्यापूर्वी सुरू करावे आणि कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूरच्या जिल्हा शाखांनी गावी परतलेल्या कामगारांच्या याद्या त्यांच्याकडे पाठवाव्यात.