परतायचे, पण कोणाच्या अटींवर?

अमेरिकेतील कार्यालये उघडण्याच्या तारखा २०२१ मध्ये अनेकदा जाहीर झाल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. सप्टेंबर २०२१ चा मुहूर्त डेल्टाने मोडला, जानेवारी २०२२ चा ओमायक्रॉनने. २०२२ मध्ये रुग्णसंख्या उतरू लागताच कंपन्यांची पत्रे पुन्हा येऊ लागली. परत जावे की नाही, हा वाद मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. बहुतेकांना कधी ना कधी जावेच लागेल. खरा प्रश्न असा की, परतीच्या अटी कोण ठरवणार आणि चुकल्यास झळ कोणाला बसणार?

प्रथम विज्ञानाची बाजू पाहू. दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून लागण होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे, असे सीडीसीने एप्रिल २०२१ मध्येच सांगितले. धोका मुख्यतः बंद खोलीतील हवेत आहे. तरीही आमच्या कंपनीच्या पत्रात टेबले किती वेळा पुसली जातील याची सविस्तर यादी होती आणि हवेविषयी एक वाक्यही नव्हते. पुसणे डोळ्यांना दिसते, हवा दिसत नाही. म्हणून आपण प्रश्न विचारले पाहिजेत. यंत्रणा बाहेरची ताजी हवा किती आत घेते? फिल्टर मर्व्ह-१३ दर्जाचे आहेत काय? बैठकीच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड मोजणारे साधे यंत्र ठेवता येईल काय? मोकळ्या हवेत हे प्रमाण सुमारे ४०० पीपीएम असते. भरल्या खोलीत ते हजाराच्या वर राहत असेल, तर तेथे ताजी हवा अपुरी आहे.

कायद्याचा आधार येथे तोकडा आहे. १९७० च्या कायद्यानुसार ज्ञात आणि गंभीर धोक्यांपासून मुक्त असे कामाचे ठिकाण देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. परंतु शंभर वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी केलेला लस अथवा चाचणीचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १३ जानेवारी २०२२ रोजी स्थगित केला. आजारपणाची भरपगारी रजा देण्याची कायमस्वरूपी सक्ती संघराज्याच्या पातळीवर नाही. २०२० मध्ये आलेली तात्पुरती सक्ती त्याच वर्षाअखेर संपली. रजेचे पैसे कापले जाणार असतील, तर ताप असलेला माणूसही गोळी घेऊन कामावर येतो. अशा वेळी मास्कच्या सूचना भिंतीवरच राहतात.

आता माणसांकडे पाहू. एच-१बी व्हिसावरील आपल्या बांधवाची नोकरी गेली, तर नवा मार्ग शोधण्यास त्याला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. त्याचे मौन म्हणजे संमती नव्हे. ज्यांच्या घरी पाच वर्षांखालील मूल होते, त्या मुलासाठी २०२२ च्या सुरुवातीला लस उपलब्ध नव्हती. आणि जे कधी घरी बसलेच नाहीत, ते सफाई कामगार, पहारेकरी आणि उपाहारगृहातील सेवक बहुधा कंत्राटदाराचे असतात. कंपनीचे पत्र त्यांच्या नावे निघतच नाही.

हा भेद आपल्याला अपरिचित नाही. मुंबईच्या गिरण्यांत तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे, म्हणून अस्पृश्यांना विणकाम खाते बंद होते. कमी पगाराची खाती मात्र खुली होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उपस्थित केला. कोणाचा श्वास धोक्याचा आणि कोणाचा जीव स्वस्त, हे ठरविण्याची सत्ता एकाच हाती गेली की काय होते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे.

१९४२ मध्ये मजूर खात्याची सूत्रे घेतल्यावर बाबासाहेबांनी सरकार, मालक आणि कामगार या तिघांना एकत्र बसविणाऱ्या त्रिपक्षीय परिषदांचे अध्यक्षपद भूषविले. तीच रीत येथेही हवी. प्रत्येक कार्यालयाची सुरक्षा समिती असावी, तिच्यात कंत्राटी कामगारांचा प्रतिनिधी असावा, हवेच्या नोंदी सर्वांना पाहता याव्यात आणि भरपगारी रजा सर्वांना सारखी मिळावी. आपल्यातील ज्यांच्या हाती ग्रीन कार्ड, नागरिकत्व किंवा वरिष्ठ पद आहे, त्यांनी ही मागणी लेखी मांडावी. व्हिसावरील सहकाऱ्याला आणि रात्री मजला पुसणाऱ्या बाईला ती मांडणे परवडणारे नाही.