विश्वास मोजायचा कोणाचा?

रिझर्व्ह बँकेचे पतधोरण जाहीर झाले की व्याजदराची बातमी पहिल्या पानावर झळकते आणि बँकेने प्रसिद्ध केलेली सर्वेक्षणे आतल्या पानांत विरून जातात. वस्तुतः धोरण ठरविणाऱ्यांच्या टेबलावर हीच सर्वेक्षणे असतात. 1998 पासून बँक दर तिमाहीस कारखानदार कंपन्यांचे मत अजमावीत आली आहे. उत्पादन, मागणी, रोजगार वाढेल, घटेल की आहे तसाच राहील, असे साधे प्रश्न. शंभरांपैकी 45 जणांना सुधारणा दिसली, 25 जणांना घसरण दिसली आणि उरलेले तटस्थ राहिले, तर निव्वळ कौल अधिक 20. अशा कौलांतून निर्देशांक निघतो. तो 100 च्या वर असला तर विस्तार, खाली असला तर आकुंचन.

ही पद्धत टाकाऊ नाही. जर्मनीत 1949 साली स्थापन झालेली इफो ही संस्था असेच सर्वेक्षण करते आणि तिच्या आकड्यांकडे साऱ्या युरोपचे लक्ष असते. राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे तिमाही उलटल्यावर सुमारे दोन महिन्यांनी हाती येतात व पुढे बदलतात. उद्योजकाच्या मनातील होरा त्याआधी कळतो. गुंतवणुकीचा निर्णय केवळ गणिताने होत नाही, त्यामागे मनाची उभारी असते, हे केन्सने 1936 सालीच सांगून ठेवले आहे.

परंतु या मापाच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. सुधारणा होईल एवढेच ते सांगते. किती होईल, हे सांगत नाही. शिवाय माणूस वर्तमानाबद्दल तक्रार करतो आणि भविष्याबद्दल आशा बाळगतो, म्हणून अपेक्षेचा आकडा बहुधा प्रत्यक्षाहून चढा असतो. सर्वांत मोठा प्रश्न मात्र वेगळाच आहे. विश्वास विचारायचा कोणाला?

जालन्याकडे पाहावे. ‘जालना सोने का पालना’ म्हणून मिरविणाऱ्या या गावात भंगार वितळवून सळया करणारे कारखाने आहेत आणि 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिकोची स्थापना केल्यापासून बियाण्यांचा उद्योग रुजला आहे. सळईची मागणी बांधकामावर अवलंबून, बियाण्याची पावसावर. मृगाच्या तोंडावर कपाशीचे पाकीट घेणारा शेतकरी आभाळाकडे पाहून पैसे मोजतो. तोही गुंतवणुकीचाच निर्णय असतो. मोसंबीची बाग लावणाऱ्याला तर पहिल्या भरघोस फळासाठी चार-पाच वर्षे थांबावे लागते. 2012 च्या दुष्काळात याच जिल्ह्यातील बागा डोळ्यांदेखत वाळल्या. ज्याने ते पाहिले आणि पुन्हा रोपे लावली, त्याच्या विश्वासाला कोणत्या तिमाहीच्या रकान्यात बसवायचे? आणि ज्याने पुन्हा लावण्याचे धाडस केले नाही, त्याची निराशा कोणी नोंदवली?

रिझर्व्ह बँक कुटुंबांनाही प्रश्न विचारते, आधी शहरांतील आणि अलीकडे ग्रामीण भागातीलही. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण त्या पाहणीत शेतकरी येतो तो ग्राहक म्हणून. जोखीम पत्करणारा उत्पादक म्हणून नव्हे. कंपन्यांचा निर्देशांक चढला की देशाचा आत्मविश्वास वाढला, असे म्हणणे म्हणजे ओसरीवर बसलेल्यांची विचारपूस करून साऱ्या घराची खुशाली कळविण्यासारखे आहे.

यावर उपाय दिल्ली-मुंबईकडे डोळे लावून बसणे नव्हे. जिल्हा उद्योग केंद्र, बाजार समिती आणि महाविद्यालयांतील अर्थशास्त्राचे विभाग यांनी मनावर घेतले, तर दर हंगामापूर्वी जिल्ह्याचे छोटेसे सर्वेक्षण सहज होऊ शकेल. सळईवाला, बियाणे-विक्रेता, बागाईतदार आणि हमाल यांना तेच तीन पर्याय द्यावेत. विद्यार्थ्यांना पुस्तकाबाहेरचे अर्थशास्त्र कळेल आणि काही वर्षांत जिल्ह्याला स्वतःचा आकडा मिळेल. तो देशाच्या आकड्याशी जुळला तर उत्तमच. न जुळला तर अधिकच उपयोगाचा. कारण ज्यांच्या जोखमीवर अर्थव्यवस्था उभी आहे, त्यांना विचारल्यावाचून काढलेला निर्देशांक अचूक असला, तरी अपुराच राहणार.