पन्हाळा : गड आणि गडकरी

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या पन्हाळ्याचे नाव निघताच मराठी मनाला १६६० सालचा सिद्दी जौहरचा वेढा आठवतो. ते स्वाभाविकच आहे. परंतु पन्हाळा हा केवळ रणकथेचा विषय नव्हे. तो दीर्घकाळ एका मुलखाची राजधानी होता. आणि राजधानीचा इतिहास हा जितका तलवारीचा, तितकाच धान्याचा आणि महसुलाचा असतो. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या अन्य ११ किल्ल्यांबरोबर पन्हाळ्याचाही समावेश झाला असल्याने या दुसऱ्या इतिहासाचे स्मरण आज अगत्याचे ठरते.

पन्हाळ्याचे महत्त्व त्याच्या जागेत आहे. पश्चिमेस सह्याद्रीचे घाट व त्यापलीकडे कोकणची बंदरे, पूर्वेस विजापूरकडे जाणारे पठार, उत्तरेस वारणेचे आणि दक्षिणेस पंचगंगेचे सुपीक खोरे. घाटमार्गांवरील व्यापार आणि खोऱ्यांतील पीक या दोहोंवर येथून नजर ठेवता येई. म्हणूनच शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस येथे आपले ठाणे केले. पुढे यादव, बहमनी, आदिलशाही, मराठे आणि मोगल अशा सत्ता येथे नांदल्या. अठराव्या शतकाच्या आरंभी महाराणी ताराबाईंनी पन्हाळ्यावर राजधानी थाटली. १७३१ च्या वारणेच्या तहाने कोल्हापूरच्या स्वतंत्र राज्यास मान्यता मिळाली. गडावरील अंबरखान्याच्या गंगा, यमुना आणि सरस्वती या प्रचंड कोठ्या म्हणजे त्या राज्याच्या अर्थव्यवस्थेची जणू दगडी खतावणीच होय. रयतेने पिकवायचे, ते गडावर चढवायचे आणि त्यावर शिबंदी पोसायची, हा तो व्यवहार.

परंतु जी उंची संकटकाळी संरक्षण देते, तीच स्थैर्याच्या काळी व्यापाराला अडचणीची होते. १७८२ साली राजधानी पन्हाळ्याहून कोल्हापुरास गेली. पुढे १८९१ मध्ये रेल्वे आली, ती कोल्हापुरास; गुळाची पेठ वसली, तीही तेथेच. स्पेनच्या राजाने १५६१ साली डोंगरावरील टोलेडो सोडून माद्रिद जवळ केल्यावर टोलेडोचेही असेच झाले होते.

राजधानी गेल्यावरही गडकरी होते आणि त्यांच्या निर्वाहासाठी नेमून दिलेल्या जमिनी होत्या. इंग्रजांच्या देखरेखीखालील नव्या कारभाराने या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे सोपविली, तेव्हा १८४४ साली गडकऱ्यांनी बंड केले. सामानगडावर पेटलेला वणवा पन्हाळ्यापर्यंत पोहोचला. इंग्रजांनी तोफांनी तट फोडून १ डिसेंबर १८४४ रोजी गड घेतला. बंडाच्या मुळाशी पोटाचा प्रश्न होता. गडाविषयीचे निर्णय दूरच्या कचेरीत झाले. त्यांचे परिणाम मात्र गडावर राहणाऱ्यांनी भोगले.

आजचा प्रश्न याहून फार वेगळा नाही. वारसा यादीतील बहुतेक किल्ल्यांवर वस्ती नाही अथवा नाममात्र आहे. पन्हाळा मात्र नगरपरिषद असलेले, सुमारे ३ हजार लोकवस्तीचे नांदते गाव आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटरपर्यंत त्यावर नियंत्रण आहे. जेथे स्मारके आणि घरे एकाच तटाच्या आत आहेत, तेथे या अंतराचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको. वारशाच्या मानांकनाने आपले घर आणि व्यवसाय धोक्यात येईल, ही रहिवाशांची धास्ती म्हणूनच अज्ञानमूलक म्हणून उडवून लावता येणार नाही.

अर्थात, वाटेल तसे बांधकाम होऊ देणे हाही उपाय नव्हे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडाचा मुख्य रस्ताच खचला. डोंगराच्या सहनशक्तीला मर्यादा आहे, हे तेव्हा सर्वांनी पाहिले. आवश्यक आहे ती न्याय्य वाटणी. पर्यटकांकडून मिळणाऱ्या उत्पन्नाचा निश्चित हिस्सा गावाच्या पाणी, रस्ते व सफाईसाठी राखून ठेवावा. जुन्या घरांच्या दुरुस्तीची परवानगी ठरावीक मुदतीत मिळावी. आणि संवर्धनाचा आराखडा मराठीत प्रसिद्ध करून ग्रामस्थांच्या संमतीने पक्का करावा.

अंबरखान्यात धान्य होते म्हणून तटावर माणूस उभा राहिला. गड राखावयाचा असेल, तर गडावरच्या माणसाच्या पोटाची तजवीज आधी केली पाहिजे.